हँडल नसलेलं स्वयंपाकघर

माझ्याकडे एक जाडजूड वही आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी तिच्यात लोकांची घरं चिकटवत आले. मासिकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून, कधी दाताच्या डॉक्टरकडच्या टेबलावरून हळूच फाडून आणलेली. वही आता इतकी फुगली आहे की रबर लावल्याशिवाय मिटत नाही. मी इंटिरियरची कामं करते. नगरमध्ये माझं छोटं ऑफिस आहे, आणि आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी माझी गिऱ्हाइकं फोनवर नगरच म्हणतात.

त्या वहीतली माणसं मला नातेवाइकांपेक्षा जवळची वाटायची. दक्षिणेकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. चुन्याच्या भिंती, लाल कोबा आणि खिडकीतच बांधलेला बसायचा कट्टा, एवढ्यावर ते असं घर उभं करत की फोटो बघूनच पायाला गार वाटायचं. मुंबईच्या एक बाई होत्या. एका खोलीत सात रंग आणून ती खोली शांत कशी ठेवायची, हे त्यांच्याकडून शिकावं. मी पुष्कळ प्रयत्न केला. माझ्या सात रंगांची जत्राच व्हायची.

पण माझा जीव जडला होता तिसरीवर. ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, परदेशात शिकून आलेली. तिच्या घरात काहीही दिसायचं नाही. कपाटाला हँडल नाही, दाराला चौकट नाही, फरशीला जोड नाही. तिच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकघर कुठे आहे ते शोधावं लागायचं. एकदा पुण्याला तिचं व्याख्यान होतं, तेव्हा मी सकाळच्या बसने गेले आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. घराने डोळ्याला त्रास देऊ नये, असं ती तासभर समजावत होती. मी परत आले ती पार खुळावूनच.

ज्यांच्या हाताखाली मी खरं काम शिकले, ते सर मात्र या वहीत नाहीत. त्यांच्या कामाचे फोटो कुणी काढले नाहीत. ते नगरच्याच सावेडीत राहायचे, पूर्वी नकाशे काढायचे आणि निवृत्तीनंतर लोकांची घरं लावून द्यायचे. त्यांची एक रीत होती. काम सुरू करण्याआधी ते रिकाम्या खोलीत फक्की टाकायचे, गवंडी पाया आखताना टाकतात ती पांढरी पूड. इथे ओटा, इथे फ्रिज, इथे पलंग, सगळं खऱ्या मापाचं जमिनीवर आखायचं. मग घरातल्या बाईच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचा आणि म्हणायचं, "आता रोजच्यासारख्या वावरा." जिथे पाणी सांडेल तिथली फक्की पायाने पुसून नव्याने आखायची. एकदा एका बाईंना त्यांनी सहा वेळा चालवलं होतं. त्या बाई वैतागल्या होत्या, मी तर त्यांच्यापेक्षा जास्त. तेव्हा मला ही म्हाताऱ्या माणसाची हौस वाटायची. मनातून मी त्या तिसरीचीच शिष्या होते.

माझी आई देवळाली प्रवरेला राहायची, आमच्या घरात, एकटी. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनीच ते बांधलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे परस. आईने जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलं होतं, त्यामुळे तिला कुणाच्या हाताखाली राहायचा कंटाळा आला होता. वडील गेल्यावर मी तिला नगरला चल म्हटलं, तर म्हणाली, "तुज्या घरी मी पावणी व्हनार. हितं मी मालकीन हाय." मीही फणकाऱ्याने म्हटलं होतं, "ठीक आहे, राहा. पण ज्या दिवशी तुला दिसेनासं होईल त्या दिवशी मी काही ऐकणार नाही. उचलून नेईन." तिला काचबिंदू होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं ते वाक्य मी बोलून गेले. पण आईने ते जपून ठेवलं. त्या दिवसापासून तिची नजर किती राहिली आहे हे तिने मला कधी खरं सांगितलं नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला नगरला आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ती नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. मी त्यातलं "टिकेल" एवढंच ऐकलं. ती दोन महिने माझ्याकडे राहणार होती, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. आई नसताना घराचा कायापालट करायचा आणि नाताळला तिला थेट नव्या घरात न्यायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना चकचकीत ओटे करून दिले, माझ्या आईने का म्हणून त्या काळ्या मांडणीखाली उभं राहायचं?

मी ते घर आतून धुऊन काढलं. भिंतीवरची स्टीलच्या ताटल्यांची मांडणी गेली. लाकडी फडताळ गेलं, त्याची कडी लावताना खणकन वाजायची. वडिलांची टोपी टांगायची खुंटी गेली. दाराशी ठेवलेला माठ, पाटा-वरवंटा, खडबडीत चुन्याचा कोनाडा, सगळं गेलं. त्या जागी कपाटांना फिकट राखाडी शटर, म्हणजे सपाट दारं, आली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग, एकाही हँडलशिवाय. बोटाने दाबलं की उघडायची. मी ज्या बाईची भक्त होते तिनेसुद्धा मान डोलावली असती असं काम झालं होतं. फोटो काढून मी चार ठिकाणी पाठवले.

फक्की मात्र मी टाकली नाही. ज्या घरात जन्मले तिथे काय आखायचं, असं वाटलं. आईच्या हातात तांब्याही दिला नाही, कारण मग तिला आश्चर्य कसलं वाटणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

नाताळच्या आदल्या दिवशी तिला घेऊन गेले. दारावर कागदी तारा लावला होता. आई उंबऱ्यात थांबली. उजवा हात पुढे करून तिने भिंत चाचपली, खुंटी होती तिथे. हात नुसताच खाली घसरला. मला वाटलं, आई नव्या रंगावरून हात फिरवते आहे.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लई झाक केलंस," ती म्हणाली. "लई झाक."

मी तिच्या हातात शटरवरच्या राखाडी लॅमिनेटच्या नमुन्याची चकती दिली आणि हा रंग शोधायला मला किती दुकानं पालथी घालावी लागली ते सांगितलं. तिने ती नाकाजवळ नेऊन पाहिली. मग बायबलच्या पानांत घालून ठेवली. महत्त्वाचं काहीही ती तिथेच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सर आले, मीच हौसेने बोलावलं होतं. त्यांनी सगळं बघितलं, शटरवरून तळवा फिरवला आणि विचारलं, "हात कुठं धरायचा?"

"धरायचा नाही, सर, दाबायचं," मी हसून म्हटलं.

आई त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. बराच वेळ लागला. शटर उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज येत होते. शेवटी शेजारच्या मावशी फराळाचं ताट घ्यायला आल्या होत्या, त्यांनीच ग्लास काढून दिला. जाताना सर म्हणाले, "काम देखणं झालंय. आईंना विचारलं होतंस ना?" मला राग आला. त्यांना नवं बघवत नाही, असं मी गाडीत बसल्यावर नवऱ्याला सांगितलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी अचानक गेले. आई आणि मावशी परसात शेंगा सोलत बसल्या होत्या. स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या राखाडी शटरवर, खालच्या कडेला, मरून रंगाच्या टिकल्या चिकटवलेल्या. एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन ओळीने. कुठे त्यांचा डिंक पसरून काळा झालेला.

आमच्या घरात टिकली कधी आलीच नाही. आम्ही ख्रिस्ती. माझ्या आजीने लावली नाही, आईने नाही, मी नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा आईचं कपाळ मोकळं आहे. तेव्हा हे कुणाचं काम, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. मावशींची नात दिवसभर आमच्या घरात खेळायची. मी दारातूनच म्हटलं, "मावशी, नातीला जरा सांगा. एवढं महागाचं काम केलंय, त्यावर टिकल्या चिकटवायच्या काय? घर आहे का आरशाची चौकट?"

मावशींनी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून शेंगा सोलत होती. "सांगते बाई," मावशी म्हणाल्या आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या.

मी नखाने एकेक टिकली खरवडून काढली. डिंक जाईना म्हणून मोटारीतून थिनर आणून पुसला. तासभर तेच करत होते. आई मागे येऊन उभी राहिली होती.

"लई खराब दिसत हुतं का गं?" तिने विचारलं.

"भयंकर," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात गेले तर शटर स्वच्छ होती. आईने बोलावून मला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाली, "बग बरं, कुटं काय खराब दिसतंय का?" मी चारी बाजूंनी नजर फिरवली. एक डाग नव्हता. "काही नाही, एकदम छान ठेवलंयस," मी म्हटलं. तिचा चेहरा इतका उजळला की मला गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदा आईला माझ्या कामाची कदर वाटली, असं मी घरी जाऊन सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. उजव्या डोळ्यात काहीच उरलं नव्हतं आणि डाव्यात उजेड-अंधार कळण्याइतकंच. आजचं नाही, म्हणाले, बरेच महिने असं असणार. मी बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या आईवर सगळ्या लोकांदेखत चिडले. भीतीनेच चिडले होते, पण ते तिला कुठून कळणार.

"आता एकटीनं राहायचं नाही," मी म्हटलं.

"मला जमतंय गं."

"दिसत नाही तर जमतं कसं?"

ती बाकाखाली पायाने चपला चाचपू लागली. देवळालीला तिचे कपडे भरायला गेलो तेव्हा मात्र म्हणाली, "थांब. च्या करून दावते. मग काय ते ठरव."

मी ओट्याजवळ उभी राहून बघत होते. तिने शटरच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला, एका जागी थांबली, दाबलं आणि साखरेचा डबा काढला. पुन्हा अंगठा सरकवत गेली आणि चहापत्ती काढली. पातेलं, गाळणी, कप. दुधाचा एक थेंब सांडला नाही. चहा माझ्यापुढे ठेवला आणि बशीवर हात ठेवून उभी राहिली, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी. तेव्हा मी चहाकडे नाही बघितलं. ती शटरला धरून धरून चालते आहे, एवढंच मला दिसलं. म्हणजे पायातही जोर राहिलेला नाही.

"आज झाला," मी म्हटलं, "उद्या हात भाजून घेतलास तर?"

तिने चहा स्वतः पिऊन टाकला, कप धुतला आणि पिशवी उचलली. निघताना तिने दाराला कडी घातली नाही, ते माझ्यावर सोडलं. मी तेव्हा किती शहाणी होते याची आज मला लाज वाटते.

माझ्या फ्लॅटमध्ये ती चौदा महिने जगली. तिथेही सगळं त्याच धाटणीचं, गुळगुळीत. ती बाल्कनीतल्या एका खुर्चीत बसून राहायची. तहान लागली तर हाक मारायची, आणि हाक मारायला तिला आवडायचं नाही म्हणून पाणी कमी प्यायची. मी कामावरून आले की विचारायची, "आज कुनाचं घर केलंस?" मी सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "त्यांनला आवडलं का?" ती मागच्या वर्षी गेली. पाळकांनी प्रार्थना केली, तिला देवळालीलाच वडिलांशेजारी मातीत ठेवलं.

महिन्याभराने घर आवरायला गेले. मावशी आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पदरातून राखाडी रंगाची चकती काढून माझ्यापुढे धरली. मी नाताळला आईला दिलेला नमुना.

"ही तुजी हाय. तुज्या आईनं दिल्ती, परत द्यायची ऱ्हाऊन गेली."

"तुम्हाला कशाला दिली होती?"

मावशींनी चकती ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "आता ती न्हाई, तर सांगते. तिनं शपथ घातल्ती. त्या टिकल्या माज्या नातीच्या नव्हत्या. म्याच आनून दिल्त्या. तिला तुजी दारं सापडत न्हवती गं. रडायची. मिटाचा डबा हुडकायला दुपार जायाची. मंग तिनंच युगत काढली. मिटाला एक, साकरंला दोन, च्याला तीन. बोटाला लागायच्या."

मी चकती उचलली.

"तू खरवडून काडल्यास त्या दिशी ती जेवली न्हाई. मंग दुसऱ्या दिशी मला ही चकती दिली. म्हनली, ह्या रंगाच्या टिकल्या मिळत्यात का बग. लेकीचं काम खराब दिसाया नको. म्या कासाराची तीन दुकानं फिरले, ही चकती लावून लावून. शेवटाला सुनंनं राहुरीहून आनल्या."

मावशी गेल्यावर मी ओट्यापाशी गेले. शटरकडे नुसतं बघून काहीही दिसत नव्हतं. मग मी खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, आईने फिरवला होता तसा. एक. पुढे दोन. पुढे तीन. रंग इतका जुळलेला की बोट ठेवूनही डोळ्याला पटेना. मी पंचवीस वर्षं रंग जुळवून पोट भरते. स्वयंपाकघरातून तिच्या खोलीकडे गेले तर तिथे क्रीम भिंतीवर कमरेच्या उंचीवर त्याच रंगाच्या टिकल्यांची ओळ, पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत. जिथे माझ्या वडिलांची खुंटी होती तिथे पाच टिकल्या गोलात लावलेल्या. तिथे काढायचं, ठेवायचं असं काहीच नव्हतं. ती फक्त तिथे हात ठेवत असणार.

माझ्या वहीतल्या कुणालाही मी इतका वेळ बघत बसले नव्हते. ज्या कामापुढे मी आयुष्यभर मान तुकवली, ते काम आंधळ्या बाईने दहा रुपयांच्या पाकिटात करून ठेवलं होतं, आणि तेही माझं बिघडू न देता. मी तिला एकदाही म्हटलं नाही की छान केलंस. तिने तर मला विचारलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले, तिने मला उभं केलं होतं त्याच जागी, आणि पुन्हा चारी बाजूंनी बघितलं. कुठेही काहीही खराब दिसत नव्हतं.